अंगणातील कुंडी आणि उन्हाळी फूल : घोड नदीच्या खोऱ्यासंबंधी एक टिपण

महाराष्ट्रातील उद्यानांचा इतिहास लिहिताना राजेरजवाड्यांच्या बागा, देवस्थानांच्या फुलबागा आणि इंग्रजी अमदानीतील सरकारी वनस्पतिउद्याने यांना अग्रस्थान मिळत आले आहे, आणि ते साहजिकही आहे. बागेला जमीन लागते, जमिनीला सनद लागते, सनदेची दफ्तरात नोंद होते आणि त्या नोंदीच्या आधारे इतिहासकार आपले विवेचन उभे करतो. परंतु ज्या घराला बागेपुरती जमीन नाही त्या घरापुढेही फूल असते. ते मातीच्या कुंडीत असते, गळक्या रांजणात असते, तुळशीवृंदावनाच्या कडेला किंवा पत्र्याच्या डब्यात असते. त्याला सनद लागत नाही आणि म्हणून त्याची नोंदही होत नाही. भर उन्हाळ्यात, म्हणजे होळीपासून मृगापर्यंतच्या तीन महिन्यांत, असे फूल घरापुढे जगविण्याची जी रीत आपल्याकडे आहे तिचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. ही रीत इंग्रजांच्या बागकामाबरोबर आपल्याकडे आली, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. माझ्या मते ते बरोबर नाही. इंग्रजी काळात नवी फुले आली हे खरे. परंतु थोड्या मातीत आणि थोड्या पाण्यावर झाड जगविण्याची विद्या त्याआधीपासून आपल्या अंगणात होती, आणि ती मुख्यतः पाण्याच्या काटकसरीची विद्या होती.

विवेचनासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके, आणि त्यांतही घोड नदीवरील डिंभे हे ठिकाण घेतले आहे. निवडीला कारण आहे. घोडेगावच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात पावसाळा मुबलक, परंतु उताराची जमीन आणि खाली कातळ असल्यामुळे ते पाणी टिकत नाही. भाताची खाचरे आश्विनात पिवळी पडतात, माघ सरला की ओढे आटू लागतात आणि चैत्रात पाण्यासाठी लांबवर जावे लागते. अशा प्रदेशात उन्हाळ्यातील एखादे फूल म्हणजे कोणीतरी डोक्यावरून आणलेल्या पाण्यातला एक वाटा होय. ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली म्हणजे कुंडीकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहता येत नाही.

जुन्नरच्या परिसरात वृक्षारोपणाचा लेखी पुरावा फार जुना आहे. तेथील लेण्यांतील ब्राह्मी लेखांपैकी एकात आदुथुम नावाच्या शक उपासकाने कोणाचिक श्रेणीकडे दिलेल्या दानाची नोंद आहे. वडालिका येथील वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक येथील नऊ निवर्तनांचे उत्पन्न वडाच्या झाडांसाठी, असा त्या लेखाचा अर्थ सामान्यतः लावला जातो. दाता, श्रेणी, गाव, क्षेत्र, वृक्ष अशा सर्व बाबी त्यात आल्या आहेत. झाड जमिनीत लावले की ते व्यवहारात येते. त्याला मालक लागतो, सांभाळणारी संस्था लागते आणि खडकात कोरून ठेवण्याइतके महत्त्व लाभते. अंगणातील लहानशा झाडाला यांपैकी काहीच लाभत नाही. ते एका माणसाच्या, बहुधा घरातील बाईच्या, रोजच्या सवयीवर जगते, आणि सवयीचा शिलालेख कोणी कोरीत नाही.

झाडांना पाणी केव्हा घालावे याचा शास्त्रार्थ मात्र ग्रंथांतून आढळतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. नव्याने लावलेल्या झाडांना ग्रीष्मात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन वाळेल तेव्हा पाणी द्यावे, असे त्यात सांगितले आहे. सहाव्या शतकातील हा नियम आजही कुंडीतील झाडाला तंतोतंत लागू पडतो, याचे कारण सोपे आहे. नव्या झाडाची मुळे थोड्याच मातीत असतात आणि कुंडीतील झाडाची मुळे कायमच थोड्या मातीत असतात. जमिनीतील जुने झाड खालच्या ओलीचा शोध घेते. कुंडीतल्या झाडाला तो मार्ग बंद असतो. म्हणून कुंडीतील झाड वयाने कितीही वाढले तरी पाण्याच्या बाबतीत ते रोपच राहते.

ग्रीष्मात फुलणाऱ्या फुलांत आपल्याकडे जुना मान मल्लिकेचा, म्हणजे मोगऱ्याच्या जातीचा. बाणभट्टाने हर्षचरितातील ग्रीष्मवर्णनात मल्लिकेच्या शुभ्रतेला स्थान दिले आहे. मोगऱ्याचा स्वभाव उन्हाळ्याला विलक्षण अनुकूल आहे. थंडीत त्याचे पाणी तोडावे, थंडी सरता सरता छाटणी करावी, नंतर खत-पाणी द्यावे, म्हणजे नव्या फुटीवर चैत्र-वैशाखात कळ्या धरतात. जेव्हा विहिरींना पाणी असते तेव्हा हे झाड फारसे मागत नाही आणि ऊन वाढले की फुलते. थोडक्या पाण्यात घरापुढे सुवास हवा असणाऱ्या माणसाने हेच झाड निवडावे, यात नवल नाही.

आता पात्राकडे वळू. आपल्या घरांपुढील सर्वांत जुने आणि सर्वत्र आढळणारे झाडाचे पात्र म्हणजे तुळशीवृंदावन होय. त्याच्याकडे धार्मिक वास्तू म्हणून पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की उद्यानविद्येच्या दृष्टीने ते काय आहे हे आपण विचारीतच नाही. वस्तुतः वृंदावन म्हणजे जमिनीपासून उंच उचललेली, चारी बाजूंनी बांधलेली मातीची कुंडी. दगडाचे असो, विटांचे असो की नुसत्या सारवलेल्या मातीचे असो, त्याची जाड भिंत दुपारचे ऊन आतल्या मुळांपर्यंत लवकर पोहोचू देत नाही. उंचीमुळे शेळ्या-कोंबड्यांपासून रोप वाचते. तळ जमिनीला मोकळा असल्यास जास्तीचे पाणी मुरून जाते आणि मुळे कुजत नाहीत. शिवाय सकाळच्या स्नानानंतर तांब्याभर पाणी तुळशीला घालावयाचे हा आचार असल्याने पाणी चुकत नाही. ज्या प्रदेशात पाणी मोजून वापरले जाते तेथे एका झाडापुरता पाण्याचा वाटा धर्माने राखून ठेवला, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. या वाट्यात इतरही भागीदार होतात. वृंदावनाच्या पायथ्याशी किंवा शेजारच्या कुंडीत सदाफुली वा गुलबक्षी असते आणि ओघळून आलेल्या पाण्यावर ती पोसली जाते.

वैशाखातील गळतीचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. या महिन्यात शिवलिंगावर आणि तुळशीवर तळाला बारीक छिद्र पाडलेले मातीचे भांडे टांगण्याची चाल आहे. छिद्रात दर्भाची काडी किंवा कापडाची वात घालतात व त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडत राहते. उष्णतेने तापलेल्या देवतेला शीतलता द्यावी, हा त्यामागील भाव. परंतु झाडाच्या दृष्टीने पाहता हे ठिबक पद्धतीचे पाणी आहे. एकदम ओतलेले पाणी वाळलेल्या मातीवरून वाहून जाते. थेंबाथेंबाने दिलेले पाणी मुळाशी जिरते. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील फान शंगझी याच्या शेतीग्रंथात मातीचे घडे जमिनीत पुरून त्यांच्या पाझरावर वेली वाढविण्याची रीत दिली आहे. आपल्याकडे घडा वर टांगला, तिकडे तो खाली पुरला. दोन्हीकडे मातीच्या भांड्यातून थोडे थोडे पाणी देण्याची युक्ती वापरली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तुलनेसाठी आणखी एका प्राचीन चालीचा निर्देश करतो. अथेन्स नगरीत भर उन्हाळ्यात स्त्रिया अडोनिस या देवाच्या उत्सवासाठी फुटक्या मडक्यांच्या खापरांत लेट्यूस, बडीशेप, गहू, जव पेरीत आणि ती खापरे घरांच्या छपरांवर नेऊन ठेवीत. कडक उन्हात ते कोंब झपाट्याने वर येत आणि तितक्याच झपाट्याने कोमेजत. प्लेटोने फीड्रस या संवादात या बागांचा दाखला दिला आहे, तो उथळ आणि अल्पजीवी पेरणीचे उदाहरण म्हणून. आपल्या नवरात्रातील घटाशी या चालीचे साम्य अनेकांना सुचेल. पण घट शरद ऋतूतला आहे आणि तो घरात, सावलीत असतो. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पात्राचा आपल्याकडील प्रातिनिधिक नमुना म्हणजे तुळस. ग्रीक बायकांनी जे पात्र कोमेजण्यासाठी उन्हात ठेवले, तेच पात्र आपल्या बायकांनी उन्हात जगवून दाखविले! अर्थात दोन्ही समाजांच्या श्रद्धा वेगळ्या. यावरून एकाला थोर आणि दुसऱ्याला हीन ठरविण्याचे कारण नाही.

पात्राची परंपरा जुनी असली तरी त्यात लावलेली फुले मात्र बव्हंशी नवी आहेत. आज खेड्यातल्या अंगणात उन्हाळ्यात जी फुले दिसतात त्यांची मूळ स्थाने पाहिली तर अचंबा वाटतो. गुलबक्षी उष्ण कटिबंधातील अमेरिकेची, सदाफुली मादागास्कर बेटाची, झिनिया मेक्सिकोची, गलांडा उत्तर अमेरिकेचा. दुपारी उमलून सायंकाळी मिटणारे चिनी गुलाब नावाचे जे जाड पानांचे लहान झुडूप आहे, ते नावाने चिनी असले तरी दक्षिण अमेरिकेतील आहे. दसऱ्याला ज्याच्यावाचून आपले तोरण होत नाही तो झेंडूसुद्धा मेक्सिकोचाच. यांतील बरीच फुले सोळाव्या शतकापासून युरोपीय दर्यावर्दी व्यापाराच्या ओघात हिंदुस्थानात पोहोचली. त्यांचा आपल्या भाषेत कसा शिरकाव झाला हे नावांवरून उघड दिसते. गुलबक्षीच्या नावातील ‘गुल’ फारसी आहे. म्हणजे फूल अमेरिकेचे आणि नाव दरबारी भाषेचे. उलट गलांडा हा गॅलार्डिया या शास्त्रीय नावाचा शेतकऱ्याच्या तोंडी झालेला सरळ अपभ्रंश आहे. त्याने दरबाराची वाट घेतलेली नाही. नावाचा इतिहास हा फुलाच्या प्रवासाचा एक विश्वसनीय साक्षीदार असतो, आणि भाषेच्या अभ्यासकांनी या क्षेत्राकडे अधिक लक्ष द्यावे असे वाटते.

मात्र ही परकी फुले रुजली याचे कारण केवळ आगमन नव्हे. त्यांतील बहुतेक मूळच्या कोरड्या, उन्हाच्या प्रदेशातील आहेत. चिनी गुलाबाची पाने पाणी साठवितात. गुलबक्षीचे मूळ गड्ड्यासारखे असते आणि वरचा भाग वाळला तरी पावसाबरोबर पुन्हा फुटते. सदाफुलीला जनावर तोंड लावीत नाही. वृंदावनाच्या ओघळावर जगू शकतील अशीच फुले अंगणाने स्वीकारली. इंग्रजांच्या बंगल्यांपुढे हिवाळ्यात फुलणारी पँझी, स्वीट पी वगैरे नाजूक फुले मात्र खेड्यांच्या अंगणापर्यंत सहसा आली नाहीत.

एकोणिसाव्या शतकात या घडामोडीला सरकारी रूप आले, आणि त्यात जुन्नरचा वाटा मोठा आहे. पुण्याजवळ दापोडी येथील बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८२८ मध्ये सरकारने घेतला व तेथे वनस्पतिउद्यान सुरू झाले. १८३८ पासून त्याचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे होता. दापोडीला जोडून गिब्सनच्या देखरेखीखाली जुन्नरजवळ हिवरे येथेही सरकारी बाग होती. तेथे औषधी वनस्पती वाढवून त्यांपासून तयार केलेली द्रव्ये मुंबईच्या सरकारी औषधभांडाराला पुरविली जात. म्हणजे घोड आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांना सरकारी वनस्पतिशास्त्राचा परिचय पुण्यामुंबईच्या बरोबरीनेच झाला. पुढे १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि १८६१ मध्ये निकोल डालझेल याच्या सहकार्याने त्याने ‘बाँबे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी १८३९ मध्ये जॉन ग्रॅहम याची मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची निघाली होती. तिच्या शीर्षकातच आपोआप उगवणाऱ्या, लागवडीच्या आणि बाहेरून आणलेल्या अशी वनस्पतींची तीन प्रकारची विभागणी आहे. कोणते फूल आपल्याकडे केव्हापर्यंत येऊन पोहोचले होते, हे ठरविण्यास हे दोन ग्रंथ अत्यंत उपयोगी आहेत.

याच सुमारास आणखी एका पात्राने जगाच्या वनस्पतिव्यवहाराचे स्वरूप पालटले. लंडनचा वैद्य नॅथॅनियल वॉर्ड याने काचेची बंद पेटी तयार केली. तिच्यातील झाडांनी बाहेर टाकलेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत पडते, त्यामुळे जहाजाच्या उघड्या डेकवर महिनोन्‌महिने गोडे पाणी न घालता झाडे जगतात. १८३३ मध्ये लंडनहून सिडनीपर्यंत तिची यशस्वी चाचणी झाली. त्यापूर्वी समुद्रावरील खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याच्या टंचाईने बहुतेक रोपे वाटेतच मरत. पाणी वाचविणे हाच या पेटीचाही मर्मभाग होता. गळती आणि वॉर्डची पेटी यांच्यात यंत्राचे साम्य काहीच नाही, पण दोहोंसमोर प्रश्न एकच होता.

गिब्सनच्या उद्यानात १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराने तेथील झाडाफुलांची सुमारे १७० चित्रे काढली. ती आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिउद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. हा चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता एवढे समजते. त्याचे नाव उपलब्ध नाही. गिब्सनचे नाव अनेक वनस्पतींना मिळाले. ती वनस्पती कागदावर उतरविणारा हात निनावी राहिला. आणि ज्या माळ्यांनी कुंड्यांना दोन वेळा पाणी घालून ती फुले चित्रापुरती जिवंत ठेवली त्यांचे काय? कुंडीच्या इतिहासात हा अनुभव वारंवार येतो.

सरकारी उद्यानांचा खेड्यातील अंगणावर नेमका किती परिणाम झाला, याविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. पुण्यात १८७३ च्या सुमारास गणेशखिंड येथे नवे वनस्पतिउद्यान झाले. तेथील अधीक्षक मार्शल वुडरो यांचे हिंदुस्थानातील बागकामावरील पुस्तक अनेक आवृत्त्यांतून गाजले. त्याचा वाचक इंग्रजी जाणणारा बंगलेवाला होता. डिंभ्याच्या बाजूच्या वस्तीपर्यंत ते पुस्तक पोहोचण्याचा संभव नाही. तेथे बी पोहोचले ते हातोहात. माहेराहून, बाजारातून, देवळाच्या आवारातून. सदाफुलीचे बी आपणच पडते आणि शेजारच्या फटीतून उगवते; गुलबक्षीचे काळे बी मूठभर सहज वेचता येते. अशा फुलांना उद्यानसंस्थेच्या मध्यस्थीची गरज नसते.

पात्रांच्या बाबतीत विसाव्या शतकाने जो बदल केला तो फुलांच्या बदलापेक्षा अधिक खोल आहे. कुंभाराची कुंडी सच्छिद्र असते. माठात पाणी गार होते त्याच नियमाने तिच्या अंगातून ओल बाहेर येऊन वाळते आणि मुळे थंड राहतात. मात्र त्यातच पाणी खर्च होते. विहिरीचे पाणी जड असेल तर काही महिन्यांत कुंडीच्या बाहेरून पांढरा खार फुटतो, हे कोणीही पाहू शकेल. रॉकेलचा चौकोनी डबा आला तेव्हा गरीब घराला फुकटचे पात्र मिळाले. त्यातून पाणी उडत नाही, पण वैशाखात पत्रा असा तापतो की कडेची मुळे भाजून निघतात. म्हणून जाणत्या बायका डब्याला बाहेरून शेणमातीचा लेप देतात किंवा ओले पोते गुंडाळतात. प्लॅस्टिकच्या काळ्या कुंडीत हे दोष तसेच राहिले. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा घालणे, मातीत शेणखत आणि थोडा विटांचा चुरा मिसळणे, वर पालापाचोळा पसरणे, या गोष्टी पात्र बदलले तरी बदलल्या नाहीत. मातीची निवडही महत्त्वाची. तालुक्याच्या पूर्वेकडील काळी माती कुंडीत घातली तर वाळल्यावर आक्रसून कडेपासून सुटते आणि ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. झाड तहानलेलेच राहते. पश्चिमेकडील हलकी तांबूस माती या कामी बरी. डोंगराकडच्या गरीब जमिनीला मिळालेला हा एक लहानसा कौल आहे.

आता डिंभ्याकडे येतो. घोड नदीवर येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरण बांधण्यात आले. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी हे एक. त्याच्या जलाशयाला महाळुंगे पडवळचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या वाहनासमोर त्यांनी प्राण अर्पण केला. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते मूळ गाव या जलाशयाखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो आणि नाव बुडालेल्या गावाचे राहिले आहे.

भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वये होत असे. त्या कायद्यात जमिनीच्या बाजारभावाबरोबर तिच्यावरील उभे पीक आणि झाडे यांचा मोबदला धरण्याची तरतूद होती. म्हणजे आंबा मोजण्याजोगा, हिरडा मोजण्याजोगा. आंबेगावच्या पश्चिम भागातील महादेव कोळी समाजाच्या संसारात हिरड्याचे स्थान लक्षात घेता ही मोजणी किती जिव्हाळ्याची असेल हे सांगावयास नको. कुंडीतील झाडाला मात्र त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व नाही. ते जमिनीवर उभे नाही. ती जंगम वस्तू आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या लेखात जो भेद आपण पाहिला तोच येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा भेटतो. जमिनीतील झाडाची निवर्तने मोजून नोंद झाली, पात्रातील झाडाची झाली नाही. पण याच कारणाने पात्रातील झाड उचलून नेता येते. करंज, वड, आंबा, हिरडा यांपैकी काहीही स्थलांतर करणाऱ्या घराबरोबर जाऊ शकत नाही. तुळशीचे रोप, मोगऱ्याची कलम केलेली फांदी, मूठभर गुलबक्षीचे बी एवढे जाऊ शकते. बांधलेले वृंदावन मात्र मागेच राहते.

धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जाते व पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या जिल्ह्यांतील शेतीला मिळते. पूर्वेकडील शेतांत त्या पाण्यावर फुलांची बाजारी लागवडही होते. जलाशयाच्या काठावरील उंच वस्त्यांना मात्र पाणी डोळ्यांसमोर असूनही उन्हाळ्यात ते चढावरून आणावे लागते. तेथील कुंडीला मिळणारे पाणी पूर्वीप्रमाणेच भांडी विसळलेले, तांदूळ धुतलेले किंवा तुळशीवरून ओघळलेले असणार.

या विषयावर पुढील काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, भूसंपादनाच्या निवाड्यांतील झाडांच्या याद्या तालुक्याच्या वनस्पति-इतिहासाचे साधन म्हणून वाचल्या जाव्यात. वृंदावनाची मोजणी बांधकाम म्हणून झाली की नाही हेही त्यांत पाहावे. दुसरी, पुनर्वसित वस्त्यांतील वृद्ध स्त्रियांकडून कोणती रोपे व कोणते बी त्यांनी बरोबर आणले, आणि नव्या जागेत पहिल्या उन्हाळ्यात त्यांना पाणी कोठून घातले, याची माहिती गोळा करावी. ही पाहणी चैत्र-वैशाखात करणे इष्ट. त्या वेळी गळती टांगलेली असते आणि मोगरा फुललेला असतो.